घरचं झाकायचं, की चौकातल्या मशीनवर हरकत घ्यायची?

पत्राचा सारांश: उत्तर-पश्चिम लंडनमधल्या ब्रेंट भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांची अडचण थोडक्यात अशी. घरात त्या, नवरा, दोन शाळकरी मुलं आणि नोकरीसाठी तिकडे गेलेला धाकटा दीर. दीर कामावरून परतताना स्टेशनजवळच्या बेटिंग शॉपमध्ये, म्हणजे पैजा लावायच्या परवानाधारी दुकानात, जुगाराच्या मशीनवर पैसे लावून खेळतो. सुरुवातीला टाइमपास होता. मग पगार महिनाअखेरपर्यंत पुरेना, गावाकडच्या घराचा हप्ता थकला, आणि नवऱ्याने कुणाला न सांगता भावाचं देणं भरलं. आता त्याच रस्त्यावर, बंद झालेल्या बँकेच्या जागी, चोवीस तास उघडं राहणारं मशीनचं दुकान येऊ घातलं आहे. काचेवर परवान्याच्या अर्जाची नोटीस लागली आहे. शेजारच्या निवृत्त बाई हरकतीची पत्रं गोळा करत आहेत आणि त्यांनी ताईंनाही लिहायला सांगितलं आहे. नवरा म्हणतो, आपण परक्या देशात आलेली माणसं, त्यात घरातच हा प्रकार; नाव बाहेर आलं तर मंडळात बोभाटा होईल. ताई विचारतात: "आमच्याच घरचा माणूस खेळतो आणि मी दुकानाला दोष देऊ? पण हे दुकान आलं नाही तर कदाचित भाऊजी सुटतील. आणि कौन्सिल (म्हणजे तिथली नगरपालिका) एवढी मोठी, ती सरळ नाही का म्हणत नाही?"

प्रिय ताई,

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. हरकत घ्या. मात्र "दुकान आलं नाही तर भाऊजी सुटतील" या आशेवर घेऊ नका. ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही करावी लागणार आहेत, आणि एकाचा निकाल दुसऱ्यावर टांगून ठेवलात तर दोन्ही अर्धवट राहतील. नवं दुकान आलं नाही तरी जुनं बेटिंग शॉप तिथेच आहे, आणि तेही बंद झालं तरी खिशात फोन आहे. उलट दुकान आलं, तरी भाऊजींसाठी करता येण्यासारखं पुष्कळ उरतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. "आमच्याच घरचा माणूस खेळतो आणि मी दुकानाला दोष देऊ?" तुम्ही असं धरून चालला आहात की दोष कुणातरी एकाचाच असतो: एक तर माणूस बिघडलेला, नाहीतर दुकान वाईट. मला ही वाटणी पटत नाही. भाऊजींनी जे पैसे घालवले त्याची जबाबदारी त्यांची आहे. ती उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता येणार नाही. पण त्यांच्यासमोर जी वस्तू मांडलेली आहे ती कशी बनवली आहे, हेही बघायला हवं.

मटक्याने आपल्याकडे कितीतरी घरं धुऊन नेली, हे तुम्हाला सांगायला नको. पण मटक्याचा आकडा यायचा तो ओपनला आणि क्लोजला. मधल्या वेळात माणसाला कामावर जावं लागे, घरी यावं लागे, बायकोच्या तोंडाकडे बघावं लागे. इंग्लंडमध्ये ज्या मशीनवरून एवढं रान उठलं, त्यात हा मधला वेळच काढून टाकलेला होता. रूले म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायचा खेळ; त्या मशीनवर त्याचा एक डाव वीस सेकंदांत संपायचा आणि एका डावाला १०० पौंडांपर्यंत लावता यायचे. म्हणजे मिनिटाला ३०० पौंड. रूलेच्या चाकावर शून्य धरून ३७ घरं असतात आणि पैसे मिळतात ते ३६ च्या हिशेबाने, त्यामुळे लावलेल्या दर १०० पौंडांमागे सरासरी २ पौंड ७० पेन्स दुकानाचे. ऐकायला हे किरकोळ वाटतं, खेळणाऱ्यालाही तसंच वाटतं. पण तासाला असे १८० डाव होतात. हिशेब मांडा: तासाभरात सरासरी ४८६ पौंड गेले. आणि मधे जिंकलेले पैसे खिशात येत नाहीत, ते स्क्रीनवरच राहतात आणि पुढच्या डावाला लागतात.

१ एप्रिल २०१९ पासून या रूलेवर एका डावाला जास्तीत जास्त २ पौंड अशी मर्यादा आली. मग भाऊजींचा पगार जातो कसा, असं तुम्ही विचाराल. त्याच मशीनवर स्लॉटसारखे, म्हणजे फिरणारी चित्रं जुळली की पैसे मिळतात असे, दुसरे खेळ असतात. त्यांनाही मर्यादा २ पौंडांचीच, पण डाव अडीच सेकंदांत संपतो. मिनिटाला २४ डाव, म्हणजे मिनिटाला ४८ पौंडांपर्यंत लावता येतात. मोठ्यात मोठं बक्षीस ५०० पौंड. तुमच्या रस्त्यावर येऊ घातलेलं दुकान, ज्याला तिथे ॲडल्ट गेमिंग सेंटर म्हणतात, त्यातही काही मशीन याच वर्गातली असतात.

हे सगळं भाऊजींना निर्दोष ठरवायला सांगत नाही. शहाण्या, कमावत्या माणसाचाही पाय तिथे का अडकतो, ते तुम्हाला दिसावं म्हणून सांगते. तुम्ही लिहिलं आहे, "भाऊजी आता जेवताना वर बघत नाहीत." ज्या माणसाला आपण काय करतो आहोत याची लाज वाटते, तो कोडगा झालेला नाही.

आता कौन्सिलकडे येते, कारण तुमच्या शंकेतला सर्वात मोठा गैरसमज तिथे आहे. कौन्सिल सरळ नाही का म्हणत नाही? कारण कायदा तिला तसं म्हणू देत नाही. २००५ च्या जुगार कायद्याने परवान्याचे अर्ज कौन्सिलकडे दिले खरे, पण त्यासोबत असंही लिहून ठेवलं की कौन्सिलचा कल परवानगी देण्याकडेच असला पाहिजे. या भागात अशा आणखी एका दुकानाची गरज आहे का, हा विचारही तिला करता येत नाही. जुगार नीतीला धरून नाही, हे कारणही चालत नाही. चालतात त्या तीनच गोष्टी: गुन्हेगारीला आळा, व्यवहार सचोटीचा आणि उघड असणं, आणि मुलांचं व दुबळ्या अवस्थेतल्या माणसांचं रक्षण.

हा कायदा लोकांना कसा नडला ते पूर्व लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलच्या हकिकतीवरून कळतं. आपल्या उपखंडातली पुष्कळ माणसं राहतात तो ईस्ट हॅमचा भाग तिच्याकडे येतो. न्यूहॅममध्ये ऐंशीहून जास्त बेटिंग शॉप झाली होती आणि एकट्या हाय स्ट्रीट नॉर्थवर १८. एवढी एकाच रस्त्यावर का? एका दुकानात अशी चारच मशीन ठेवता येतात. ज्याला जास्त मशीन हवीत त्याने दुकानंच वाढवली. त्यात आणखी एक सोय होती. बांधकाम आणि जागेच्या वापराच्या नियमांत बेटिंग शॉप हे बँकांच्याच वर्गात मोडायचं, त्यामुळे बंद पडलेल्या बँकेत दुकान थाटायला प्लॅनिंगची वेगळी परवानगीच लागत नसे. (ती पळवाट एप्रिल २०१५ मध्ये बंद झाली. तुमच्या रस्त्यावरही बँकेचीच जागा आहे, म्हणून हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.)

न्यूहॅमने एका मोठ्या कंपनीचा अर्ज नाकारून पाहिला. कंपनी कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये मॅजिस्ट्रेट कोर्टाने कौन्सिलचा निर्णय फिरवला. इथे बहुतेक जण हात टेकतात. न्यूहॅमने टेकले नाहीत. एकेका दुकानाशी झगडून भागत नाही, मशीनचा नियमच बदलायला हवा, असं ठरवून त्यांनी २०१४ मध्ये एकूण ९३ कौन्सिलांचा प्रस्ताव सरकारपुढे ठेवला: एका डावाची मर्यादा १०० वरून २ पौंडांवर आणा. त्यात वेगवेगळ्या पक्षांच्या कौन्सिला होत्या. २०१५ मध्ये सरकारने तो फेटाळला. मागणी सुरूच राहिली. मशीनपायी घर गमावलेली माणसं, मुलगा गमावलेले आई-वडील उघडपणे बोलू लागले. मे २०१८ मध्ये सरकारने २ पौंड मान्य केले. पण अंमलबजावणी ऑक्टोबर २०१९ पर्यंत पुढे ढकलली, तेव्हा जुगाराचा विषय सांभाळणाऱ्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी १ नोव्हेंबर २०१८ ला राजीनामा दिला. दोनच आठवड्यांत सरकारला तारीख एप्रिलवर आणावी लागली. मर्यादा लागू झाली त्याच आठवड्यात दोन कंपन्यांनी रूलेसारखेच नवे खेळ काउंटरवरून मोठ्या रकमेने सुरू केले, आणि जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक आयोगाने डोळे वटारल्यावर ते मागे घेतले. त्यानंतर शेकडो बेटिंग शॉप बंद झाली. एवढं तपशिलात सांगते, कारण "आपल्या एका पत्राने काय होणार" हे तुम्ही लिहिलं नसलं तरी तुमच्या मनात आहे, असं मला वाटलं. त्या ९३ कौन्सिलांचं बळही अशाच रस्त्यांवरच्या रहिवाशांच्या तक्रारींतून आलं असणार.

तुमच्या ब्रेंट कौन्सिलनेही यात अंग चोरलेलं नाही. "कल परवानगीकडेच असावा" हे कलम काढून टाका, या मागणीत इतर कौन्सिलांना सोबत घेऊन तिने पुढाकार घेतला आहे. एखाद्या भागात आधीच दारूची दुकानं फार झाली असतील तर तेवढ्या कारणावरून नवं दुकान रोखायची सोय कौन्सिलकडे आहे. जुगाराच्या दुकानांसाठीही तशी सोय करू, असं सरकारने २०२३ च्या श्वेतपत्रिकेत कबूल केलं. म्हणजे शेजारच्या बाई तुम्हाला कौन्सिलच्या विरोधात उभं करत नाहीत. कौन्सिललाच पुरावा हवा असतो. तो तुमच्यासारख्यांकडून मिळाला तरच तिला नाही म्हणता येतं, किंवा निदान अटी घालता येतात.

म्हणूनच पत्र कसं लिहायचं याला फार महत्त्व आहे. "जुगाराने संसार उद्ध्वस्त होतात" हे वाक्य खरं आहे, पण सुनावणीला बसलेले नगरसेवक ते मोजू शकत नाहीत; कंपनीचा वकील एका वाक्यात ते बाजूला सारेल. तुम्ही रोज जे बघता ते लिहा. दुपारी किती वाजता शाळा सुटते, मुलं कोणत्या बस-स्टॉपवर उभी राहतात, त्या काचेपासून स्टॉप किती पावलांवर आहे. आत्ताच्या बेटिंग शॉपबाहेर संध्याकाळी कोण थांबतं, कुणी पैसे मागतं का, भांडण झालेलं तुम्ही कधी पाहिलंत, तारीख आठवत असेल तर तारीख. शाळेच्या युनिफॉर्ममधली मोठी मुलं आत शिरताना दिसली का, आत काउंटरवर एकच माणूस असतो का. त्या रस्त्यावर फूड बँक (गरजूंना मोफत शिधा देणारं केंद्र), व्यसनमुक्तीचं केंद्र, बेघरांचं वसतिगृह असेल तर तेही लिहा, कारण दुबळ्या अवस्थेतल्या माणसांचं रक्षण या मुद्द्यात ते थेट बसतं. प्रत्येक गोष्ट वरच्या तीनपैकी कुठल्या मुद्द्याखाली येते, ते पत्रात म्हणा. पाच ओळींचं असलं तरी चालेल. छापील मजकुरावर शंभर सह्यांपेक्षा स्वतःच्या शब्दांतली दहा पत्रं जास्त वजनदार ठरतात.

आणि नकाराचा हट्ट धरू नका, अटी मागा. बेटिंग शॉपला रात्री दहा ते सकाळी सात बंद राहण्याची अट सहसा आपोआप लागू होते. ॲडल्ट गेमिंग सेंटरला तशी वेळेची अट आपोआप लागत नाही, म्हणून तर ती चोवीस तास उघडी दिसतात. परवाना मिळालाच तर रात्री ठरावीक वेळेनंतर बंद, रात्री एकाच कर्मचाऱ्यावर दुकान नको, दारावर माणूस हवा, बाहेरचा रस्ता दिसेल असे कॅमेरे हवेत, एवढं तुम्ही पत्रातच मागू शकता. कामाची पाळी संपवून रात्री एक वाजता परतणाऱ्या माणसाला त्या वेळी दार बंद दिसणं, हा फरक थोडा नाही.

आता नावाची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. हरकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता अर्जदार कंपनीला सहसा कळतो आणि सुनावणीच्या कागदांतही येऊ शकतो. पण यावर उपाय आहे. स्थानिक नगरसेवक किंवा खासदार रहिवाशांच्या वतीने हरकत घेऊ शकतात; रहिवासी संघटनाही घेऊ शकते. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकांना ईमेल करा, जे बघितलं ते लिहा, आणि "माझं नाव न घेता हे मांडाल का" असं स्पष्ट विचारा. असं विचारण्यात काही वावगं नाही. नवऱ्यालाही हा मार्ग पटेल.

पण एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन, नावाने लिहा की नगरसेवकामार्फत: भाऊजींचा उल्लेख त्यात करू नका. ती गोष्ट त्यांची आहे. ती चारचौघांत कधी सांगायची, सांगायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं. आणि हरकतीला त्याची गरजही नाही. तुम्ही तिथे हरकत घेता ती त्या रस्त्यावरून मुलांना घेऊन जाणारी रहिवासी म्हणून. घरात खेळणारा माणूस असल्याने तुमचा तो हक्क कमी होत नाही. उलट त्या दुकानाच्या आत काय घडतं हे तुम्हाला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

"परक्या देशात" या मुद्द्यावर तुमच्या नवऱ्याशी मला आदराने वाद घालायचा आहे. हरकत घ्यायला नागरिकत्व लागत नाही. जवळ राहत असणं पुरतं. त्यापुढे जाऊन सांगते: भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर तिथे कायदेशीर राहणाऱ्या माणसाला कौन्सिलच्याच नाही, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. आपल्यातल्या पुष्कळांना हे माहीतच नसतं आणि नाव नोंदवायचं राहून जातं. तुम्ही कौन्सिल टॅक्स भरता, मुलं तिथल्या शाळेत जातात, मंडळाचा गणपती तिथेच बसतो. त्या रस्त्याचं काय व्हावं हे सांगण्याइतके तुम्ही तिथले आहातच.

आता भाऊजी.

इथे सर्वात आधी नवऱ्याशी बोलावं लागेल, कारण मला वाटतं घरातली खरी गाठ तिथे आहे. त्यांनी भावाचं देणं गुपचूप भरलं. मोठा भाऊ आहे, आई-वडिलांना तोंड द्यायचं आहे. माया आहे म्हणूनच भरलं. पण खेळणाऱ्या माणसाला त्यातून कळतं ते एवढंच, की बुडालो तरी तळ लागत नाही. देणं फिटलं की हात मोकळा होतो आणि मोकळा हात पुन्हा मशीनकडे जातो. तेव्हा नवऱ्याला दोष न देता सांगा: यापुढे जे भरायचं ते तिघांच्या समोर, लिहून, आणि रोख भाऊजींच्या हातात न देता थेट बँकेला. गावाकडचा हप्ता पगाराच्या दिवशीच खात्यातून जाईल अशी व्यवस्था भाऊजींच्या संमतीने करा. तुमच्या कार्डांचे पिन आणि पासवर्ड बदला. हे अविश्वासाचं वाटेल, तरी करा.

मग भाऊजींशी बोला. भाऊ बोलला की ते ऐकून घेतील आणि गप्प बसतील. वहिनी म्हणून तुम्ही बोललात तर कदाचित उत्तर देतील. खेळून आलेल्या रात्री नको, पगाराच्या दिवशीही नको. सुट्टीच्या सकाळी, मुलं घराबाहेर असताना. "किती घालवलेत?" हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर खोटंच येतं. "आज कुणाकुणाचं किती देणं आहे, ते आपण मिळून लिहून काढू" असं म्हणा. पहिल्यांदा लिहिलेली यादी पूर्ण नसेल हे धरून चाला. एखादं कर्ज लाजेपोटी मागे राहतं आणि आठवड्याने बाहेर येतं. ते आलं की "तेव्हा का नाही सांगितलंत" म्हणून उखडू नका.

ते तयार झाले तर करायच्या गोष्टी अगदी ठोस आहेत. तिथे माणसाला स्वतःहून आपल्याला खेळायला बंदी घालून घेता येते. बेटिंग शॉपसाठी एक योजना आहे, तिला मोझेस म्हणतात. एका फोनवर घर आणि कामाच्या आसपासच्या सगळ्या कंपन्यांची दुकानं स्वतःपुरती बंद करून घेता येतात. ॲडल्ट गेमिंग सेंटरची योजना वेगळी आहे. एकीत नाव घातलं म्हणजे दुसरीत गेलं असं होत नाही. फोनवरच्या जुगारासाठी गॅमस्टॉप नावाची योजना आहे, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. तिन्ही एकाच दिवशी करा, नाहीतर एक दार बंद झालं की पाय दुसऱ्याकडे वळतात. नोंद भाऊजींनीच करायची असते, तुम्हाला त्यांच्या वतीने करता येत नाही; पण फोन लावताना तुम्ही शेजारी बसू शकता.

बँकेच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार अडवण्याची सोय बहुतेक बँकांनी दिली आहे. ती चालू करा. क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला तिथे एप्रिल २०२० पासून बंदीच आहे. मात्र एटीएममधून काढलेली रोकड यातल्या कशानेच अडत नाही, म्हणून रोज किती रोख काढता येईल याची मर्यादाही बँकेकडून कमी करून घ्या.

उपचारासाठी एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, जुगाराच्या व्यसनासाठीची खास केंद्रं आहेत. लंडनमध्ये आहे, आणि जीपीच्या (नेहमीच्या डॉक्टरांच्या) चिठ्ठीशिवाय थेट नाव नोंदवता येतं. चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन आहे: ०८०८ ८०२० १३३. व्हिसाची भीती घालून कुणी भाऊजींना मागे ओढत असेल तर त्यांना सांगा, प्रौढ माणसाने परवाना असलेल्या दुकानात खेळणं हा तिथे गुन्हा नाही, आणि मदत मागितल्याची खबर नोकरीच्या ठिकाणी जात नाही. त्याच नंबरवर तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. खेळणाऱ्याच्या घरच्यांनाही ते मदत करतात, खेळणारा तयार असो वा नसो. ते अजून तयार नसतील तर सुरुवात तुम्हीच करा.

आणि हे मी दडवून ठेवू शकत नाही: कर्जात बुडालेला, लाजेने मान खाली घातलेला माणूस जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका असतो. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास, मी नसतो तर बरं" अशा अर्थाचं काही भाऊजी बोलले तर ते रागाचं बोलणं समजून सोडून देऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी ऐकून घेणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेचा नंबर ११६ १२३, आणि तातडीचा प्रसंग असेल तर ९९९.

गावी सासू-सासऱ्यांना कळवावं का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. माझं मत: भाऊजींच्या पाठीमागे नको. हप्ता थकल्याचं त्यांना बँकेकडून कळणारच असेल, तर त्याआधी भाऊजींनी स्वतः फोन करावा, नवऱ्याने शेजारी बसावं. आईला मुलाच्या तोंडून कळलं तर ती रडेल, चिडेल, आणि मग काय करायचं ते विचारेल. बँकेच्या नोटिशीतून कळलं तर ती फक्त घाबरेल.

राहता राहिली मुदत. परवान्याच्या अर्जावर हरकतीसाठी २८ दिवस असतात आणि शेवटची तारीख काचेवरच्या नोटिशीवरच छापलेली असते. शाळेतून येताना तिचा फोटो काढून आणा. बँकेच्या जागी असं दुकान थाटायला प्लॅनिंगची परवानगी वेगळी लागते. तो अर्ज कौन्सिलच्या वेबसाइटवर पत्ता घालून शोधा. तिथली हरकत निराळी, नियमही निराळे: तिथे त्या रस्त्यावर अशी दुकानं आधीच किती आहेत, रात्रीचा आवाज किती होईल, हे मुद्दे चालतात, आणि ब्रेंटच्या स्थानिक योजनेत अशा दुकानांच्या प्रमाणावर मर्यादाही घातलेली आहे. परवान्याचे २८ दिवस उलटून गेले असतील तर प्लॅनिंगकडे वळा. आणि दुकान सुरू झाल्यावर तुम्हाला काही गैर दिसलं, लहान मुलं आत घेतली, भांडणं वाढली, तर जवळ राहणारी रहिवासी म्हणून दिलेल्या परवान्याचा फेरविचार करा असा अर्जही तुम्हाला करता येतो. त्यासाठी तारखा लागतील, तेव्हा एक छोटी वही आजपासूनच घाला.

तुमची,
सदरलेखिका